मोठ्या विद्यापीठाशी टक्कर: लहान कॉलेजाने बास्केटबॉलपटू कसा मिळवावा

अमेरिकेच्या महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या सर्वांत वरच्या श्रेणीत, म्हणजे एनसीएए या महाविद्यालयीन खेळांच्या नियामक संघटनेच्या डिव्हिजन वनमध्ये, साडेतीनशेहून अधिक संघ खेळतात. त्यांतील ड्यूक, केंटकी, कॅन्सस, नॉर्थ कॅरोलायना अशा मोजक्या विद्यापीठांचा दबदबा असा, की त्यांच्या प्रशिक्षकाचा एक फोन आला तरी सतरा वर्षांच्या मुलाच्या घरातील सगळी गणिते बदलतात आणि त्याच मुलामागे दोन वर्षे हिंडलेल्या लहान कॉलेजाच्या सहायक प्रशिक्षकाला अचानक उत्तरे येईनाशी होतात. तरीही पुढे एनबीए या अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये गाजलेले काही खेळाडू लहान कॉलेजांत गेले: स्टीफन करी डेव्हिडसनला गेला, जा मोरँट मरे स्टेटला गेला आणि गॉर्डन हेवर्डने बटलर निवडले. या उदाहरणांमध्ये नशिबाचा भाग होताच, पण पद्धतीचा भाग त्याहून मोठा होता. लहान कॉलेज अशी लढत बहुधा शेवटच्या आठवड्यातील मनधरणीने जिंकत नाही. ती जिंकली जाते मोठ्यांचे लक्ष जाण्याआधी केलेल्या कामावर आणि मुलाला खेळायला किती मिनिटे मिळतील याच्या प्रामाणिक हिशेबावर.

हे मार्गदर्शन लहान कॉलेजाच्या प्रशिक्षकाच्या बाजूने लिहिले आहे. अमेरिकेत वाढणाऱ्या मराठी मुलामुलींच्या पालकांनी आणि भारतातून तिथे खेळायला जाऊ पाहणाऱ्यांनी ते समोरच्या बाजूने वाचावे, कारण प्रशिक्षक काय विचार करतो हे कळल्यावर त्याला काय विचारायचे हेही कळते. तारखा आणि नियम मुख्यतः पुरुषांच्या बास्केटबॉलचे आहेत. महिलांच्या वेळापत्रकात फरक असतो आणि नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, त्यामुळे कोणतेही पाऊल टाकण्यापूर्वी आपल्या कॉलेजाच्या नियमपालन कार्यालयाला विचारणे सक्तीचे समजावे.

पहिली पायरी: कोणाच्या मागे जायचे नाही, हे आधी ठरवा

लहान कॉलेजाकडे सर्वांत तुटपुंजी गोष्ट पैसा नसून प्रशिक्षकांचा वेळ असतो. देशातील पहिल्या वीस-पंचवीस क्रमांकांत गणल्या जाणाऱ्या मुलामागे घालवलेला उन्हाळा जवळजवळ नेहमी वाया जातो. अपवाद सापडतात. जुलै २०२० मध्ये मकूर मेकर या उंचापुऱ्या आणि गाजलेल्या खेळाडूने यूसीएलए, केंटकी आणि मेम्फिस यांना बाजूला सारून वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठाची निवड केली, कारण ऐतिहासिकदृष्ट्या कृष्णवर्णीयांसाठी उभ्या राहिलेल्या संस्थेत खेळण्याला त्याच्या लेखी मोल होते. परंतु तो तिथे जेमतेम दोन सामने खेळू शकला. दुखापत आणि कोविडमुळे आटोपलेला हंगाम आडवा आला. हॉवर्डकडे जे होते ते दुसऱ्या कोणाकडे नव्हते, म्हणून ती निवड शक्य झाली. आपल्या कॉलेजाकडे तसे अनन्य काही नसेल तर यादीतील फार तर एक जागा अशा स्वप्नासाठी ठेवावी आणि बाकीच्या जागा मोठ्यांच्या नजरेतून नेमके कोण सुटते, याचा अभ्यास करून भराव्यात.

नजरेतून सुटणाऱ्यांचे प्रकार ठरलेले आहेत. पहिला प्रकार उशिरा वाढणाऱ्यांचा: सी. जे. मॅकॉलम शाळेच्या नवव्या इयत्तेत पाच फूट दोन इंच उंचीचा होता. पुढे तो लीहाय या लहान विद्यापीठात गेला आणि २०१२ च्या राष्ट्रीय स्पर्धेत पंधरावे मानांकन असलेल्या लीहायने दुसरे मानांकन असलेल्या ड्यूकला ७५-७० असे हरवले, तेव्हा त्याने ३० गुण केले. दुसरा प्रकार शरीराने किरकोळ दिसणाऱ्यांचा. करीचे वडील डेल करी एनबीएत खेळलेले आणि व्हर्जिनिया टेकचे माजी नामवंत खेळाडू, तरीही त्याच व्हर्जिनिया टेकने मुलाला शिष्यवृत्ती न देता स्वखर्चाने संघात येण्याची वाट दाखवली. तिसरा प्रकार दुसऱ्या खेळात रमलेल्यांचा. इंडियानातील हेवर्ड शाळेत टेनिसमध्येही पुढे होता. चौथा प्रकार भूगोलाने झाकलेल्यांचा. कॅनडातील व्हिक्टोरियाच्या स्टीव्ह नॅशसाठी त्याच्या शालेय प्रशिक्षकाने तीसहून अधिक अमेरिकी विद्यापीठांना पत्रे लिहिली होती, आणि अखेर शिष्यवृत्ती दिली ती एकट्या सँटा क्लाराने.

यादी करताना प्रत्येक नावासमोर एकच प्रश्न लिहावा: मोठे विद्यापीठ याला आज का घेत नाही? उत्तर "तो अजून वाढतो आहे" किंवा "त्याला कोणी पाहिलेले नाही" असे असेल तर नाव ठेवावे. उत्तर "त्याला कष्ट नकोत" असे असेल तर मोठ्यांनी बरोबर ओळखले आहे असे समजून ते नाव खोडावे.

दुसरी पायरी: गर्दीपासून दूर बसून पाहा

उन्हाळ्यातील क्लब स्पर्धांमध्ये एका छताखाली अनेक कोर्टांवर एकाच वेळी सामने चालतात. कडेने जाळीचे पडदे, शिट्ट्यांचा एकमेकींत मिसळणारा आवाज आणि मुख्य कोर्टाच्या रेषेलगत नामांकित विद्यापीठांचे बोधचिन्ह असलेले शर्ट घातलेली मंडळी, असे ते दृश्य असते. लहान कॉलेजाच्या माणसाने त्या रांगेत खुर्ची मिळवण्याची धडपड करू नये, कारण तिथे जो मुलगा खेळतो आहे तो सगळ्यांना ठाऊकच आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात मरे स्टेटचे सहायक प्रशिक्षक जेम्स केन दक्षिण कॅरोलायनातील एका शिबिरात दुसऱ्याच खेळाडूला पाहायला गेले होते. खायला काही मिळते का ते पाहायला बाहेर पडले असता बाजूच्या छोट्या व्यायामशाळेत तीन विरुद्ध तीन असा खेळ चालू होता, आणि त्यात जा मोरँट होता. केन यांनी मुख्य प्रशिक्षक मॅट मॅकमॅहन यांना तातडीने कळवले आणि मरे स्टेटने त्याला शिष्यवृत्ती देऊ केली. तीन वर्षांनी मोरँट एनबीएच्या निवडीत दुसऱ्या क्रमांकावर होता.

योगायोगाची ही गोष्ट सगळे सांगतात. तिच्यातील कामाचा भाग असा, की केन यांना पाहताक्षणी निर्णय घेता आला आणि वरिष्ठाने त्यांच्या नजरेवर भरवसा ठेवला. लहान कॉलेजाचे खरे बळ हेच आहे: इथे दोन माणसांचे एकमत झाले की ऑफर देता येते. आपल्याकडे सहायकाने पाठवलेल्या नावावर महिनाभर चर्चा होत असेल, तर आधी ती व्यवस्था दुरुस्त करावी.

काय पाहावे? डेव्हिडसनचे प्रशिक्षक बॉब मॅकिलप करीला पाहायला लास व्हेगासला गेले, तेव्हा त्याचा सामना वाईट गेला. नेम चुकत होते, चेंडू हातून निसटत होता. मॅकिलप यांनी टिपले ते वेगळेच: मुलाने पंचांकडे किंवा सोबत्यांकडे बोट दाखवले नाही, बाकावर बसल्यावर तो इतरांसाठी टाळ्या वाजवत होता, आणि प्रशिक्षक बोलत असताना त्याची नजर त्यांच्यावरून ढळली नाही. चांगला सामना सगळ्यांनाच दिसतो, म्हणून माझ्या मते लहान कॉलेजाने मुद्दाम मुलाचा वाईट सामना पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये. टिपणवहीत गुणांचा रकाना ठेवण्यापेक्षा पुढील गोष्टींना जागा द्यावी: चेंडू गमावल्यानंतरच्या तीन सेकंदांत तो काय करतो, बचावात परतताना धावतो की चालतो, कमकुवत हाताने चेंडू किती वेळा वापरतो, बदली म्हणून बाहेर आल्यावर कोणाशेजारी बसतो. आईवडिलांच्या आणि मोठ्या भावंडांच्या उंचीची नोंदही करावी. वाढीचा अंदाज त्यावरूनच बरा बांधता येतो.

वर्षभरात भेटीचे, फक्त पाहण्याचे आणि पूर्ण मनाईचे असे वेगवेगळे कालावधी एनसीएएने आखून दिलेले असतात. जुलैच्या पाहणीच्या दिवसांत प्रशिक्षक कडेला बसून पाहू शकतो, पण स्पर्धा चालू असताना मुलाशी गप्पा मारू शकत नाही. पालकांनी हे लक्षात ठेवावे, नाहीतर समोर बसलेला प्रशिक्षक बोलला नाही म्हणून गैरसमज होतो.

तिसरी पायरी: पहिला फोन मुख्य प्रशिक्षकाने करावा

पुरुषांच्या बास्केटबॉलमध्ये दहावी इयत्ता संपल्यानंतर येणाऱ्या १५ जूनपासून प्रशिक्षकांना मुलाशी थेट संपर्क साधता येतो. त्या दिवशी नावाजलेल्या मुलांचे फोन मध्यरात्रीपासून वाजत राहतात. लहान कॉलेजाने तिथे संख्येची स्पर्धा न करता दर्जाची करावी. मोठ्या विद्यापीठाकडून बहुधा सहायकाचा संदेश येतो. आपल्याकडून मुख्य प्रशिक्षकाने स्वतः बोलावे आणि एखाद्या ठरावीक सामन्यातील ठरावीक प्रसंगाविषयी बोलावे. "तुझा खेळ आवडला" हे वाक्य शंभर जण म्हणतात. "एप्रिलच्या सामन्यात तू डावीकडून आत शिरलास आणि कोपऱ्यातल्या मुलाला पास दिलास, ती जागा आमच्या आखणीत तुझीच आहे" हे वाक्य खेळ पाहिल्याशिवाय बोलता येत नाही, आणि मुलाला ते ताबडतोब कळते.

त्यानंतर घरात निर्णय कोण घेते हे शोधावे. कुठे आई, कुठे आजोबा, कुठे शालेय प्रशिक्षक, कुठे क्लबचा प्रशिक्षक. क्लबच्या प्रशिक्षकाशी संबंध ठेवावेत, पण त्याच्यामार्फत पैशाची किंवा नोकरीची कोणतीही गोष्ट करू नये. सप्टेंबर २०१७ मध्ये एफबीआयच्या तपासातून मोठमोठ्या विद्यापीठांच्या सहायक प्रशिक्षकांना अटक झाली, ती याच गल्लीत शिरल्यामुळे. शालेय प्रशिक्षकाच्या पत्राला मात्र न चुकता उत्तर द्यावे. सँटा क्लाराच्या डिक डेव्ही यांनी नॅशची चित्रफीत मागवली, नंतर स्वतः जाऊन त्याला पाहिले आणि आता हा दुसऱ्या कोणाच्या नजरेस पडू नये एवढीच धाकधूक त्यांना लागून राहिली. त्याच डेव्हींनी नॅशला त्याच्या बचावाविषयी तोंडावर कठोर शब्द ऐकवले होते. १९९३ च्या राष्ट्रीय स्पर्धेत सँटा क्लाराने पंधराव्या मानांकनावरून दुसऱ्या मानांकनाच्या ॲरिझोनाला ६४-६१ असे हरवले, तेव्हा नॅश पहिल्याच वर्षाला होता.

एकाच खेळाडूवर न थांबता एखादी वाट तयार करता आली तर उत्तम. कॅलिफोर्नियातील सेंट मेरीज या छोट्या कॉलेजाने रँडी बेनेट यांच्या काळात ऑस्ट्रेलियाशी असा संबंध जोडला, की पॅटी मिल्स तिथे आला आणि त्याच्यानंतर मॅथ्यू डेलाव्हेडोव्हाही आला. स्पोकेनच्या गोन्झागाने फ्रान्स, कॅनडा, लिथुएनिया आणि जपानपर्यंत हात पोहोचवले. रोनी तुरियाफ, केली ओलिनिक, डोमांतास सबोनिस आणि रुई हाचिमुरा ही त्याची फळे. २०१७ आणि २०२१ मध्ये अंतिम सामना खेळलेले गोन्झागा आता स्वतःच बलाढ्यांत गणले जाते, हा त्यातला गमतीचा भाग.

चौथी पायरी: मिनिटांचा हिशेब कागदावर मांडा

या लेखातील एकच पायरी नीट करायची असेल तर ही करावी. सामना ४० मिनिटांचा असतो आणि एका वेळी पाच जण खेळतात, म्हणजे वाटायला एकूण २०० मिनिटे असतात. त्यांतील दोन गार्डच्या, म्हणजे चेंडू खेळवत पुढे नेणाऱ्यांच्या, जागांना ८० मिनिटे येतात. मुलगा गार्ड असेल तर एक कोरा कागद घेऊन त्याच्या आणि पालकांच्या समोर दोन रकाने आखावेत.

समजा, मोठ्या विद्यापीठात पुढील वर्षी दोन जुने गार्ड परत येणार आहेत आणि त्यांनी गेल्या हंगामात प्रत्येक सामन्यात सरासरी ३२ आणि २८ मिनिटे खेळली आहेत. तिसरा गार्ड दुसऱ्या विद्यापीठातून बदलून आला आहे आणि त्याला १५ मिनिटे मिळतील असे धरू. झाली ७५. नवीन मुलासाठी उरली पाच, तीही बहुधा सामन्याचा निकाल लागून गेल्यावरची. आता आपला रकाना: आपल्याकडचे दोन गार्ड ३४ आणि ३० मिनिटे खेळतात, तिसरा सहा. उरतात दहा. इथे मोह होतो तो दहाचे पंचवीस करून सांगण्याचा. तसे करू नये. पहिल्या वर्षी दहा, दुसऱ्या वर्षी ३४ मिनिटे खेळणारा गार्ड पदवी घेऊन बाहेर पडणार असल्यामुळे त्याची जागा मोकळी, असे जसे आहे तसे लिहावे. आकडे सार्वजनिक असतात; कुटुंब ते रात्री पडताळून पाहते, आणि आपला कागद खरा निघाला की पुढची प्रत्येक गोष्ट ते विश्वासाने ऐकते.

सुरुवातीच्या पाचांत स्थान देण्याचे वचन कधीही देऊ नये. ते वचन दुसऱ्या मुलांच्या कानावर जाते आणि संघ आतून उसवतो. देता येते ते चुकण्याचे स्वातंत्र्य, आणि त्याचा दाखला करीच्या पहिल्या आठवड्यात आहे. डेव्हिडसनसाठी ईस्टर्न मिशिगनविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात त्याने तेरा वेळा चेंडू गमावला. मॅकिलप यांनी त्याला बाकावर बसवून ठेवले नाही आणि पुढच्या सामन्यात मिशिगनविरुद्ध त्याने ३२ गुण केले. बलाढ्य संघात तेरा टर्नओव्हर करणाऱ्या नवख्याला दुसऱ्या दिवशी काय मिळाले असते, हा प्रश्न पालकांना विचारावा आणि उत्तर त्यांनाच देऊ द्यावे.

मोठ्या विद्यापीठाची निंदा मात्र करू नये. मुलगा लहानपणापासून त्या संघाचा चाहता असू शकतो. हेवर्डचे तर आईवडील दोघेही पर्ड्यूचे विद्यार्थी होते. त्याऐवजी आपण त्यांच्याशी कधी आणि कुठे खेळणार आहोत ते सांगावे. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मोठी विद्यापीठे मानधन देऊन लहान संघांना आपल्या मैदानावर बोलावतात. त्या सामन्यांत हाच मुलगा आपल्याकडून भरपूर खेळेल, आणि एनबीएचे निरीक्षक अशा लढतींना हजर असतात. शिवाय कॉन्फरन्सच्या, म्हणजे आपसांत खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटाच्या, विजेत्याला राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश असतो. २००८ मध्ये दहाव्या मानांकनाच्या डेव्हिडसनने शेवटच्या आठांत मजल मारली आणि कॅन्ससशी ५७-५९ असा निसटता पराभव पत्करला. २०१० च्या अंतिम सामन्यात ड्यूकविरुद्ध ५९-६१ असे मागे असताना हेवर्डने अर्ध्या मैदानावरून फेकलेला चेंडू कड्याला लागून बाहेर गेला. दोन्ही कॉलेजांची नावे त्या एका महिन्यात देशभर झाली.

पाचवी पायरी: पैशाचे बोलणे लवकर आणि लेखी करा

१ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावाचा आणि प्रतिमेचा व्यावसायिक मोबदला घेता येऊ लागला. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या, 'हाऊस' नावाच्या खटल्यातील तडजोडीनंतर विद्यापीठे थेट खेळाडूंना पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षासाठी, म्हणजे २०२५-२६ साठी, त्याची कमाल मर्यादा सर्व खेळांना मिळून सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर होती. या तडजोडीत सामील झालेल्या विद्यापीठांना बास्केटबॉल संघात जास्तीत जास्त १५ खेळाडू ठेवता येतात आणि त्या सर्वांना पूर्ण शिष्यवृत्ती देता येते; पुरुषांच्या संघासाठी पूर्वीची मर्यादा १३ शिष्यवृत्त्यांची होती. लहान कॉलेजाचे या आखाड्यात पारडे हलकेच राहणार, आणि ते झाकण्यात अर्थ नाही.

म्हणून आपला आकडा पहिल्या दोन-तीन संभाषणांतच सांगावा. दुसऱ्याचा आकडा ऐकून आपला वाढवत नेणारे कॉलेज गरजू दिसते आणि पुढल्या वसंतातही तिथेच कात्रीत सापडते. शिष्यवृत्तीत शिक्षणशुल्क, राहणे, जेवण, पुस्तके आणि उन्हाळी वर्ग यांतील काय काय आहे, ती किती वर्षांची आहे आणि दुखापत झाल्यास तिचे काय होते, हे एका पानावर लिहून द्यावे. गावातील दुकानदार किंवा माजी विद्यार्थी अमुक रक्कम देतील असे तोंडी आश्वासन देऊ नये. ६०० डॉलर किंवा त्याहून मोठ्या बाहेरच्या करारांची आता नोंद आणि छाननी होते, आणि तो करार नामंजूर झाला तर शब्द आपला मोडलेला असतो.

डिव्हिजन टूमध्ये बास्केटबॉलसाठी एका संघाला दहा पूर्ण शिष्यवृत्त्यांइतकी रक्कम अनेक खेळाडूंत वाटता येते. डिव्हिजन थ्री आणि आयव्ही लीग या जुन्या नामांकित विद्यापीठांच्या गटामध्ये खेळासाठी शिष्यवृत्तीच नसते, तिथे कुटुंबाच्या उत्पन्नावर आधारित मदत मिळते. अशा कॉलेजांनी जाहीर शुल्काचा आकडा बोलूच नये; त्या कुटुंबाला प्रत्यक्षात भरावी लागणारी रक्कम आर्थिक साहाय्य कार्यालयाकडून लवकरात लवकर काढून घ्यावी.

परदेशी खेळाडूच्या बाबतीत गणित वेगळे आहे. विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेत काम करून कमावण्यावर कडक मर्यादा असल्यामुळे मोठ्या विद्यापीठाच्या पैशाची धार बोथट होते आणि प्रवेश, प्रशिक्षण व मिनिटे यांना वजन येते. भारतातून गेलेल्या खेळाडूंकडे पाहिले तर हे दिसते: बेंगळुरूची संजना रमेश नॉर्दर्न ॲरिझोनात, हरसिमरन कौर सॅन डिएगो विद्यापीठात आणि अमान संधू न्यू जर्सीतील मॉनमथमध्ये खेळले. तिघांनाही संधी बलाढ्यांच्या रांगेबाहेरच्या विद्यापीठांनी दिली. महाराष्ट्रातील एखादा मुलगा किंवा मुलगी या वाटेने जाऊ पाहत असेल तर नववीपासूनच्या सर्व गुणपत्रिका आणि दहावी-बारावीची मूळ प्रमाणपत्रे जपून ठेवावीत, कारण एनसीएएचे पात्रता केंद्र ती तपासते. डिव्हिजन वनसाठी १६ मूलभूत विषय आणि त्यांत चारच्या मोजपट्टीवर किमान २.३ सरासरी लागते, डिव्हिजन टूसाठी २.२. क्लबकडून मानधन घेतले असेल तर तेही आधीच सांगावे.

सहावी पायरी: भेटीचे दोन दिवस

खेळाडू आता कितीही कॉलेजांना अधिकृत भेट देऊ शकतो, पण एका कॉलेजात साधारण एकदाच. या भेटीचा खर्च, कुटुंबातील दोघांच्या प्रवासासह, कॉलेज करू शकते. मोठ्या विद्यापीठात या भेटीत रोषणाई, धुराचे लोट, नाव छापलेली जर्सी आणि पंधरा-वीस हजार आसनांचे मैदान असते. त्याची छोटी नक्कल केविलवाणी दिसते. आपल्याकडे जे लहान आहे तेच दाखवावे.

सकाळी मुलाला सरावाच्या वेळी आणावे आणि सराव नेहमीप्रमाणेच घ्यावा, ओरडायचे तिथे ओरडावे. बटलरचा संघ पहाटे सराव करत असे, त्यामुळे दिवसभराच्या वर्गांना धक्का लागत नसे. अभियांत्रिकीचा विचार करणाऱ्या हेवर्डला आणि त्याच्या घरच्यांना तो वेळापत्रकाचा मुद्दा भावला. दुपारचे जेवण मुलाला ज्या विषयात रस आहे त्या विषयाच्या प्राध्यापकाबरोबर ठेवावे. वीस विद्यार्थ्यांच्या वर्गात शिकवणारा प्राध्यापक स्वतः येऊन बसतो, हे मोठ्या विद्यापीठाला सहसा जमत नाही. संध्याकाळी प्रशिक्षकांनी बाजूला व्हावे आणि मुलाला संघातील खेळाडूंच्या हवाली करावे. यजमान म्हणून सर्वांत लाडका खेळाडू न निवडता गेल्या हंगामात बाकावर बसलेला निवडावा. तो जर कॉलेजाबद्दल बरे बोलला तर त्याहून मोठी शिफारस नाही. तो बरे बोलणार नाही अशी भीती वाटत असेल, तर प्रश्न भेटीच्या आखणीचा नाही.

पालकांबरोबर अर्धा तास वेगळा काढावा. भारतीय घरांमध्ये पहिला प्रश्न बहुतेक वेळा पदवीचा असतो आणि दुसरा जेवणाचा. दोन्हींची उत्तरे देणारा माणूस समोर बसवावा. आसपासच्या मुलांसाठी तर स्वखर्चाच्या अनौपचारिक भेटी अधिक उपयोगी पडतात. गाडीने तासाभरात येणारे कुटुंब चार सामने पाहून गेले की ते मैदान त्यांचे होऊन जाते.

सातवी पायरी: मोठा फोन येतो तेव्हा

तो येणार हे कुटुंबाला आपणच आधी सांगून ठेवावे. "तुमचा मुलगा असाच खेळत राहिला तर वसंतापर्यंत मोठ्या विद्यापीठाचा फोन येईल, तेव्हा मला कळवा" असे म्हणणाऱ्या प्रशिक्षकाला तो फोन आल्यावर लपवाछपवीला तोंड द्यावे लागत नाही. त्यासोबत कुटुंबाच्या हाती तीन प्रश्न द्यावेत, जे त्यांनी समोरच्या विद्यापीठाला विचारावेत. या जागेसाठी तुम्ही आणखी कोणाकोणाशी बोलत आहात? एप्रिलमध्ये ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या अधिकृत यादीतून, अनुभवी खेळाडू घेतला तर आमच्या मुलाचे काय? आणि आज बोलता ते लेखी कधी देणार? हेच प्रश्न ते आपल्यालाही विचारतील, तेव्हा उत्तरे तयार ठेवावीत.

तोंडी होकार कोणालाच बांधून ठेवत नाही. पूर्वी राष्ट्रीय इरादापत्रावर सही झाली की विषय संपत असे; ती पद्धत ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झाली आणि आता आर्थिक साहाय्याच्या करारावर सही होते. सही होईपर्यंत प्रशिक्षकाने त्या मुलाविषयी जाहीर बोलायचे नसते. मुदत घालावी का, यावर प्रशिक्षकांत दुमत आहे. माझे मत असे, की चोवीस तासांची मुदत म्हणजे धमकी, पण तीन आठवड्यांची मुदत रास्त आहे. आपल्या यादीतील दुसरा मुलगाही कुठेतरी उत्तराची वाट पाहत असतो.

आठवी पायरी: मिळालेला टिकवणे, आणि नकारानंतरची नोंद

२०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल सुरू झाले आणि २०२४ पासून खेळाडू कितीही वेळा बदली करून लगेच खेळू शकतो. ओरल रॉबर्ट्सला २०२१ मध्ये शेवटच्या सोळांत नेणारा मॅक्स ॲबमस पुढे टेक्ससला गेला. डाल्टन नेक्ट नॉर्दर्न कोलोरॅडोतून टेनेसीत गेला आणि तिथून २०२४ मध्ये एनबीएच्या पहिल्या फेरीत निवडला गेला. सेंट पीटर्सने २०२२ मध्ये शेवटच्या आठांत धडक मारल्यावर प्रशिक्षक शाहीन हॉलोवे सीटन हॉलला गेले आणि संघातील बहुतेक खेळाडूही पांगले. म्हणजे आज मिळवलेला मुलगा दरवर्षी वसंतात पुन्हा मिळवावा लागतो.

त्यासाठी हंगाम संपल्या संपल्या, पोर्टल उघडण्याआधी, प्रत्येक खेळाडूबरोबर पुन्हा तोच दोन रकान्यांचा कागद घेऊन बसावे. जो जाणार हे दिसते आहे त्याला अडवण्यात शक्ती घालवू नये. उलट काही कॉलेजे आता सरळ सांगतात की इथे दोन वर्षे खेळ, वर जायचे असेल तर आम्हीच फोन लावू. हा करार उघड असेल तर त्याच्या धाकट्या भावापर्यंत आणि क्लबच्या पुढच्या तुकडीपर्यंत आपले नाव चांगले राहते. त्याच्या जागी कोण, हे मात्र डिसेंबरमध्येच ठरलेले असावे.

ज्याने नकार दिला त्याची नोंदही फाडून टाकू नये. नकाराचा फोन आला की त्याच दिवशी मुख्य प्रशिक्षकाने मुलाला आणि पालकांना वेगवेगळा संदेश पाठवावा: अभिनंदन, आणि नोव्हेंबरमधील तुझा पहिला सामना आम्ही पाहू. तेवढेच, नाराजीचा एक शब्दही नको. मग वहीत त्याच्या नावापुढे त्या विद्यापीठाच्या गार्डची मिनिटे दर महिन्याला लिहीत जावे. पहिल्या हंगामाअखेर तिथे पाचच मिनिटे दिसली, तर तो पोर्टलमध्ये येण्याची शक्यता मोठी असते, आणि नाव पोर्टलमध्ये दिसल्यानंतर त्याला जे पहिले दहा फोन येतील त्यांत त्याची मिनिटे आधीच माहीत असलेला प्रशिक्षक बहुधा एकच असतो.